चार निळ्या ट्यूब

"लाव ना मग," बाबा म्हणाले.

मी केव्हाच लावली होती. टाकीच्या झाकणाखाली निळी ट्यूब पेटली होती, माझ्या शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजला जांभळट चमक आली होती आणि पाण्यातल्या प्रवाळाची टोकं हिरवी उजळली होती. बाबा मात्र हात मागे बांधून वाट बघत उभे.

मला वाटलं, गंमत करताहेत. गंमत करतानाही ते तोंड असंच गंभीर ठेवतात. मी खटका खाली-वर केला.

"आता जराशी दिसून राहिली," ते म्हणाले. "व्होल्टेज कमी असंल."

व्होल्टेज कमी नव्हतं. डोक्यावर पंखा गरगरत होता.

नायर साहेब तेव्हा आत फोनवर होते, म्हणून त्यांनी हे ऐकलं नाही. सेक्टर दहामधला बंगला त्यांचा आणि ही समुद्राच्या पाण्याची टाकीही त्यांचीच. साहेब केरळचे. भिलाईपासून समुद्र दिवसभराच्या रेल्वेप्रवासाइतका दूर, तेव्हा समुद्रच घरी आणायचा असं त्यांनी ठरवलं. मेहुण्याने रामेश्वरहून पाच जिवंत प्रवाळं पिंपात घालून पाठवली. त्यांवर साहेबांनी रस्त्यावर असतो तसला मर्क्युरी दिवा टांगला आणि आठ दिवसांत दोन प्रवाळं चुन्यासारखी पांढरी होऊन मेली. उरली तीन. तीही अंग चोरून बसलेली.

आता ट्यूब लावायच्या होत्या. पांढऱ्या बाजारातल्या, आणि निळ्या ड्रॉइंग ऑफिसातल्या नकाशे छापायच्या यंत्राच्या. पांढऱ्या किती नि निळ्या किती, एवढाच प्रश्न. यातलं शास्त्र मला पाठ आहे, कारण जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझं प्रकाशाचं मॉडेल पहिलं आलं होतं. (वक्तृत्वातही मी पहिलीच आले, पण ते इथे नको.) पाण्यात लाल रंग आधी मरतो, निळा सगळ्यांत खोल जातो. म्हणून प्रवाळाला निळा लागतो. पण किती? साहेबांच्या पुस्तकात समुद्राखालचं एक छायाचित्र होतं, तेवढंच. त्या चित्रासारखा उजेड जमवायचा, आणि तो जमवायला साहेबांनी माझ्या बाबांना बोलावलं.

कारण बाबांची नजर. बाबा, म्हणजे देवाजी, बावीस वर्षं पोलादाच्या भट्टीवर आहेत. भट्टीत नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर सगळं पांढरंच दिसतं. म्हणून निळी काच डोळ्यांवर धरून बघायचं आणि रंगावरून सांगायचं, पोलाद झालं की नाही. उष्णता मोजायचं मीटर आहे, पण त्याचं टोक सारखं जळतं. तेव्हा सगळे बाबांच्या तोंडाकडे बघतात. बाबा म्हणाले, अजून दहा मिनिटं, की दहा मिनिटं. साहेब या भट्टीचे अधिकारी. ते तर म्हणायचे, देवाजी की आँख छुट्टी पर गई तो भट्टी भी छुट्टी पर.

त्या दिवशी घरी येताना मी खूप बडबडले. सायकलच्या कॅरिअरवर बसून प्रदर्शनाचं, परीक्षेचं, कशाचंही. बाबा हूं हूं करत होते. प्लांटच्या बाजूला आकाश तांबडं झालं. मळी, म्हणजे भट्टीतला वितळलेला कचरा, ओतली की संध्याकाळी होतं तसं. ते बघून रोज ते काहीतरी म्हणतात, आज गरम आहे, आज थंडी आहे. त्या दिवशी काही बोलले नाहीत.

आई दोरीवरचे कपडे काढत होती. बाबांची बनियन तिने माझ्यासमोर धरली.

"तुह्या बाबाले सांग, नीळ टाकायचं माह्यावर सोडा. हे पाय, नीलकंठ करून ठेवला. मी म्हणते बस्स, तर हे म्हणते अजून पिवळीच आहे."

दिवाळीपासून ती हे म्हणत होती आणि मी दर वेळी हसत होते. या वेळी मला हसू आलं नाही. बनियन आभाळासारखी निळी होती.

मी सगळं जोडून बघितलं: बाबांना निळा दिसत नव्हता, म्हणजे निळ्या काचेतून तापलेलं पोलादही त्यांना अजून कच्चंच वाटणार आणि ते म्हणणार, अजून दहा मिनिटं. शेजारचे टिकारामकाका बाबांच्या भट्टीच्या खाली, पिटात काम करतात. पोलाद त्यांच्यासमोर लॅडलमध्ये, म्हणजे खोलीएवढ्या बादलीत उतरतं. ते गरजेपेक्षा जास्त तापलेलं असलं तर बादलीचा तळ खातं, हे बाबांनीच मला सांगितलं होतं. तळ फुटला तर खालची माणसं कुठे पळतात, असं मी विचारलं होतं. तेव्हा त्यांनी माझ्या ताटात भात वाढला होता.

पण सांगायचं कुणाला? सांगितलं तर बाबांची भट्टी जाईल. बाबांना भट्टीशिवाय दुसरं काय येतं? मी रात्रभर भाषणं तयार केली. एकही तोंडातून निघालं नाही.

रविवारी आम्ही पुन्हा गेलो. साहेबांनी खिडक्यांना जाड पडदे लावून खोली अंधारी केली होती. बाबांनी छायाचित्र दाराशी उजेडात नेऊन नीट बघितलं, मग टाकीसमोर येऊन उभे राहिले. मी खटक्यांपाशी. एक पांढरी, एक निळी. बाबा म्हणाले, अजून निळा. दोन निळ्या. अजून. तीन. साहेबांची पांढरी लुंगी पेटल्यासारखी दिसायला लागली. चार. साहेबांचे दात, डोळ्यांतलं बुबुळांभोवतीचं पांढरं, सगळं अंधारात तरंगायला लागलं. टाकीतली प्रवाळं निखाऱ्यासारखी हिरवी जळत होती आणि त्यांचे धागे एकेक करून आत ओढले जात होते.

"थोडा और नीला, साहब," बाबा म्हणाले.

साहेब बाबांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"बेटी, तुम बोलो. कैसा लगता है?"

मी, जी हजार पोरांसमोर माईक हातात घेते, ती म्हणाले, "ठीक है अंकल."

एवढंच. टाकीतल्या पंपाची घरघर तेवढी चालू होती.

बाबा माझ्याजवळ आले. अगदी जवळ, भट्टीच्या दाराशी वाकतात तसे वाकून त्यांनी माझं तोंड बघितलं.

"कमल, एवढ्याशा बोलण्यावर तू कधी थांबत नाही. किती लागल्या?"

"चार."

"मले एक दिसते. तेही लागली का नाई, असं."

ते सरळ उभे राहिले आणि साहेबांकडे वळले. आवाज नेहमीचाच होता, दहा मिनिटं सांगतात तसा.

"साहब, लड़की मेरे लिए झूठ बोल रही है. मुझे भी शक था, पर मैं भट्टी का धुआँ समझता रहा. कल से मुझे ऊपर मत भेजिए. नीचे टिकाराम रहता है."

साहेब खुर्चीवर बसले. मग म्हणाले, डॉक्टर के पास मैं साथ चलूँगा. बाबा म्हणाले, बरं. आणि मला म्हणाले, आता तू पाय, या प्रवाळायले किती पाहिजे ते. मी दोन निळ्या बंद केल्या. पाचेक मिनिटांनी एका प्रवाळाचा एक धागा बाहेर आला. साहेबांनी हात वर करून मला थांबायची खूण केली. मला आनंदाने ओरडावंसं वाटायला हवं होतं. मी खटक्यावर बोट ठेवून नुसती उभी राहिले.

सोमवारी सकाळी टिकारामकाका फाटकाशी आले.

"कावून देवाजीभाऊ, आज बाशिंग बांधून यायचं आहे का? भोंगा होऊन राहिला न."

बाबा ओट्यावर आले. त्यांनी बूट घातले होते, डबाही हातात होता.

"तू हो पुढं. आज वर दुसरा माणूस आहे." जरा थांबून ते म्हणाले, "पिटात जरा मागं उभा राहाजो."

"इतके साल समोर उभा राहिलो, आता मागं कावून?"

"सांगतो म्हणून."

काका हसले, पायडलवर पाय ठेवला आणि रस्त्यावरच्या सायकलींत मिसळले. बाबा ओट्यावरच उभे होते. भोंगा संपला, रस्ता रिकामा झाला. आईने त्यांच्या हातातला डबा घेतला, तेव्हा त्यांची बोटं लगेच सुटली नाहीत.