फळ्यावरच्या चार चौकटी

१९७६ साली माझा धाकटा भाऊ शिवशरण पुण्याहून व्यवस्थापनाचा कोर्स करून आला, आणि आप्पांना जणू एकच मुलगा आहे असं झालं. सोलापुरात नवी पेठेतल्या आमच्या चादरीच्या दुकानात घसा कोरडा करायचा मी, आणि गादीशेजारी खुर्ची मिळाली त्याला. आप्पा थकले होते. त्यांच्यामागं गादीवर मीच, असं मी धरून चाललो होतो. आता तेही खात्रीचं वाटेना.

दुकान बंद असताना एकदा आप्पा म्हणाले, "शिवा, तुजं शिक्षण लावून बघ की आपल्या धंद्याला. श्रीपूरला दुसरं दुकान काढावं का न्हाय?"

शिवानं चादरींचे दर लिहायचा फळा पुसला. त्यावर माझं अक्षर होतं. मग चार चौकटी आखून त्यानं लिहिलं: बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. त्याचं अक्षर सुरेख होतं, तेही मला खुपलं.

बलस्थानांत आप्पांचं नाव आणि आमचा पक्का रंग आला. संधीत श्रीपूर, कारण तिथं साखर कारखाना आणि पगारदार माणसं. धोक्यांत समोरची नवी दुकानं. आणि उणिवांत त्यानं लिहिलं, 'अण्णा'.

अण्णा म्हणजे मी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी उणीव? करकंबची सारजाबाई मी नसलो तर चादर न घेता माघारी जाते."

"तेच म्हणतोय अण्णा, जरा ऐकून घे."

"तू मला ऐकवणार?"

मी त्याच्या हातातला खडू हिसकावला, माझं नाव पुसलं आणि बलस्थानांत, आप्पांच्याही वर, ठळक लिहिलं.

आप्पा फळ्याकडे बघून हसले. "बरोबर हाय. मग श्रीपूरला तूच जा. नवं दुकान नवख्याच्या हाती कशाला द्यायचं? शिवा हितं बसंल."

मी शिवाकडे बघितलं. तो हळू म्हणाला, "मीच जाणार होतो श्रीपूरला. तुझ्यावाचून हितलं गिऱ्हाईक टिकत न्हाय, हीच आपली उणीव. म्हणून तुला हलवू नका, असं सांगणार होतो."

"मग सांग की."

"आता? आप्पांचा शब्द झाला."

श्रीपूरचं दुकान चांगलं चालतं. तरी गादीवर टेकलेला शिवा डोळ्यांपुढून हलत नाही. परवा सारजाबाई रस्त्यात भेटली, काखेत नवी चादर. ती आमच्या सोलापूरच्या दुकानातलीच होती.

"अण्णा, तुमचा धाकला लई गोड बोलतो की," ती म्हणाली.