प्रसूतिगृहाचं घड्याळ

घड्याळजी तिसऱ्यांदा उभा राहिला आणि तिसऱ्यांदा पडला. पडण्याची त्याला सवय होती. त्याचा पक्ष एवढासा, की सगळी बैठक दुकानापुढच्या बाकावर मावायची आणि वर एखादी पिशवी ठेवायला जागा उरायची. देशाच्या निवडणुकीत असल्या पक्षाचा माणूस कशाला उभा राहतो, असं कुणी विचारलं की तो डोळ्यावरचं भिंग न काढता सांगायचा, की बंद घड्याळालाही कुणीतरी चावी देऊन बघावीच लागते.

या खेपेला तो उभा राहिला तो प्रसूतिगृहासाठी. गल्लीच्या टोकाचं, सोळा खाटांचं. त्याची धाकटी बहीण तिथे नर्स. एक मोठा उमेदवार उघड म्हणत होता, ते बंद करू. दुसरा मोठा म्हणत होता, बघू. घड्याळजीला 'बघू' पुरेसं वाटलं नाही.

बंद करणारा दोनशे बारा मतांनी निवडून आला. घड्याळजीला मिळाली तीनशे चाळीस.

एवढी वजाबाकी सगळ्यांनाच येत होती. न्हावी म्हणाला, हात दाखवून अवलक्षण. पक्षाची निशाणी शिडी. समोरची शिंपीण म्हणाली, "शिडी तुझी, चढला साप," आणि दुरुस्तीला दिलेलं घड्याळ उघडं होतं तसंच मागून घेतलं. त्याने सुटे पेच डबीत घालून दिले. कुणी त्याला मतखाऊ म्हणू लागलं, पोट भरलं का विचारू लागलं. तो हसायचा. हसून झालं की भिंग लावायचा, आणि भिंगातून काही दिसायचं नाही.

ही बोलणी त्याने सोसली असती. सोसवेना ते धाकटीचं गप्प राहणं. आईमागे त्यानेच तिला वाढवलं. आता ती दुकानावरून जायची ती मान खाली घालून. ही आपल्याला माफ करील का, एवढं एकच त्याच्या छातीत टिकटिकत राहिलं. विचारायचं धैर्य मात्र होईना.

प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लंबकाचं जुनं घड्याळ होतं. बाळ जन्मलं की वेळ त्याच्यावरून लिहायची. आठवड्याला ते चाळीस सेकंद मागे पडायचं. चावी शिपाई द्यायचा, पण वेळ जुळवायला दर सोमवारी घड्याळजी जायचा. अकरा वर्षं, एकही खाडा नाही. निकालानंतरच्या सोमवारी तो दारापर्यंत गेला, आतून बहिणीचा आवाज ऐकला आणि तसाच मागे फिरला. पुढच्या सोमवारी दारापर्यंतही गेला नाही. असे सहा सोमवार गेले.

नव्या माणसाने एवढा एक शब्द पाळला. सातव्या आठवड्यात टाळं लागलं.

त्या दुपारी धाकटी दुकानात आली. चादरीत गुंडाळलेलं घड्याळ तिने तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं होतं. ते टेबलावर ठेवलं. तो उठून उभा राहिला आणि माझं चुकलं, मी उभंच राहायला नको होतं, असं काहीबाही बोलू लागला.

"दादा, माझं मत तुलाच होतं," ती म्हणाली. "तीनशे चाळिसातली एक मी. त्या पापात माझाही वाटा आहे. सगळं एकटा घेऊ नकोस."

"मग बोलत का नव्हतीस?"

"कुठल्या तोंडाने बोलणार तुझ्याशी? म्हटलं, सोमवारी तू येशील. तेव्हा बोलू."

त्याने घड्याळावरची चादर सोडली.

"आज उतरवताना ताडून पाहिलं. चार मिनिटं मागे. या दिवसांत एकतीस बाळं झाली, दादा. प्रत्येकाची वेळ मी लिहिली, तुझ्या भरवशावर. कुणी मिनिटभर, कुणी चार मिनिटं, सगळी कागदावर आधीच जन्मली. निवडणूक आपण हरलो. हे मात्र तू केलंस."

जन्मांची वही दुरुस्त करता येईल का, त्याने विचारलं. वही पेटीत सीलबंद होऊन गेली होती.

त्याने खुर्ची ओढली, घड्याळाचं दार उघडलं. तिने भिंग उचलून त्याच्या हातात दिलं. चावी देताना आई म्हणायची ती ओवी दोघांच्याही ओठांशी आली, म्हटली कुणीच नाही:

थोरला काटा धावे, धाकटा हळूहळू चाले
बाराच्या ठोक्याला गं, दोघं एका ठायी आले

थोरला काटा त्याने ती चार मिनिटं आणि वाटेत बंद राहिलेला वेळ पुढे सरकवला. लंबक हलला. धाकटीने आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग त्या घड्याळाकडे, मग चादरीची खाटेवर घालतात तशी काटेकोर घडी केली.

माफ केलं, असं काही ती म्हणाली नाही. उंबऱ्यावर थांबून एवढंच म्हणाली, की सोमवारी बघायला येईन, मागे पडलेलं चालणार नाही.

सोमवारला अजून चार दिवस होते. घड्याळजीने घड्याळ समोरच्या भिंतीवर टांगलं आणि दर तासाला त्याच्याखाली उभा राहून ते ताडून पाहू लागला.