अर्थिंगची जागा

दोन हजार दोन साली भातझोडणी आटोपून खळं मोकळं झालं, तेव्हा यांनी कल्याणहून म्युझिक सिस्टिम आणली. अ‍ॅम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि माझ्या कमरेएवढ्या उंचीच्या दोन लाकडी पेट्या. हे मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला होते. त्या वर्षीच्या बोनसमधून मला कानातलं करायचं ठरलं होतं, पण तो विषय मी काढला नाही. टोकावड्यात तसली सिस्टिम दुसऱ्या कुणाकडे नव्हती आणि शेजारची जना दारातून डोकावली की मीही पदराने पेट्या पुसत मिरवून घेत होते. माझं पित्त खवळलं ते पुढे, आणि ते पेट्यांवर नव्हतं.

आमच्याकडच्या लाइनचं काय सांगायचं! गिरणी सुरू झाली की पंखा दमायचा, हमरस्त्यावरच्या ढाब्यांचे दिवे लागले की आमची ट्यूबलाइट डोळे मिचकावायची. त्यामुळे गाण्यामागून बारीक घरघर ऐकू येऊ लागली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. कंपनीतला कुणी म्हणाला स्टॅबिलायझर घे, कल्याणचा दुकानदार म्हणाला लाइन साफ करणारा फिल्टर लावा, नाहीतर मशीन जाईल. घ्यावा की न घ्यावा, रोज जेवताना हे हाच विषय काढायचे. घेऊन टाका एकदाचा, मी म्हणायचे. हे मान हलवायचे आणि घेत मात्र नसत.

का घेत नव्हते ते एका रविवारी दुपारी कळलं. मी वालाच्या शेतावरून आले तर सिस्टिम चालू होती, डेकमध्ये कॅसेट नव्हती आणि हे डाव्या पेटीला कान लावून बसले होते. पेटीतून नुसती घरघर येत होती आणि यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की मी उंबऱ्यातच थबकले. इतक्या वर्षांच्या संसारात ते हसू माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मी आत पाऊल टाकलं आणि घरघर थांबली.

"काय ऐकताय?"

"काय नाय गो. लाइन कशी हाय ते बघत होतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाई असती तर दारात जाऊन तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, गावभर तमाशा केला असता. पण घरघरीशी भांडायचं तरी कसं? जनाला सांगावं तर ती हसून हसून लोळली असती. मग मी चुलीवर आधण ठेवून कुडाआडून कानोसा घ्यायला लागले. घरघर वर चढायची, खाली उतरायची, आणि हे मधूनच हुंकार भरायचे, एखाद्याची हकिगत ऐकताना भरतात तसा. मी नुसता घसा खाकरला तरी दोघंही गप्प व्हायची. म्हैस व्याली ते मी यांना तीनदा सांगितलं, तरी तिसऱ्या वेळीही यांना ते नवीनच वाटलं.

शेवटी मीच नवसू वायरमनला बोलावणं धाडलं. त्याने बोर्ड उघडला, टेस्टर लावला, वायरी ओढून पाहिल्या.

"अनंताभाऊ, मशीनला फिल्टरबिल्टर काय नको," तो यांना म्हणाला. "लाइन बरी हाय तुमची."

"मग ही घरघर कशाची?" मी विचारलं.

नवसू पेटीजवळ वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. उठला तेव्हा तो पेटीकडे बघत नव्हता.

"लाइनची घरघर एकसारखी असते, वहिनी. ही मधी दम घेते." पक्कड पिशवीत टाकत तो पुढे म्हणाला, "तुमच्या घराला अर्थिंग नाय. तेवढं करून घ्या. जे नको असंल ते जमिनीत जाईल."

"काय करायचं नाय," हे एकदम ओरडले. "हाय तसं ऱ्हाऊ दे. मशीनला कोणी हात लावायचा नाय."

हे माझ्यावर कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला, आणि तो कुणासाठी हे मला पुरतं समजलं.

दुसऱ्या दिवशी हे कंपनीत पाळीवर गेल्यावर मी नवसूला पुन्हा आणला. खड्ड्यात पाइप उभा करायचा, भोवती मीठ आणि कोळसा भरायचा, एवढंच काम. मात्र जागा अशी हवी की जिथली ओल हटत नाही, कोरड पडली की अर्थिंग मेलं. आमच्या परसात चैत्रात भेगा पडतात. बारमाही ओली जागा एकच होती, माझ्या न्हाणीच्या दगडाखालची.

"तिथं तुमी उभ्या ऱ्हाता, वहिनी," नवसू कुदळ टेकवून म्हणाला.

"मग बरंच की. पाणी घालायची आठवण नको ठेवायला. खण तू."

संध्याकाळी यांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला, पण पेट्या मुक्या. यांनी कॅसेट घातली, गाणं स्वच्छ वाजलं, तसं ते लगेच बंद केलं. मग या पेटीला कान, त्या पेटीला कान, मागे हात घालून चाचपणं. मी चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते आणि मला इतका आनंद झाला होता की हातातली भाकरी मोडली. हे जेवले नाहीत. पुढेही काही दिवस घरात मयत झाल्यासारखे बसून असायचे. मी मात्र सकाळी न्हाणीच्या दगडावर उभी राहून अनवाणी पायांनी तो दगड दाबून धरायचे, आणि अंघोळ झाल्यावरही आणखी एक तांब्या ओतायचे. हा तिच्या डोक्यावर, असं म्हणून.

मग यांचं चित्त हळूहळू घरात परतलं. चुलीशी येऊन बसायला लागले. मुरबाडहून माझ्यासाठी गरम भजी आणली. मी पाणी भरून आले की डोक्यावरची कळशी उतरवून घ्यायला लागले, आणि जनाने ते पाहून तोंडाला पदर लावला. सिस्टिमवर धूळ बसली तरी यांना पत्ता नव्हता. जिंकले एकदाची, मला वाटलं.

एका दुपारी मी ओटीवर सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होते. हे मागून आले, माझ्या पाठीशी बसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून यांनी पाठीला कान लावला. दिवसाढवळ्या, दार उघडं असताना! समोरच्या कपाटाच्या आरशात मला यांचा चेहरा दिसला. त्यावर ते हसू होतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. काहीतरी बोलावंसं वाटलं.

"अवो, तुमाला सांगू का..."

यांनी माझ्या तोंडावर अलगद बोटं ठेवली.

"तू नको बोलू गो," हे फार मायेनं म्हणाले. "तू बोललीस का ती गप्प होते."

सुपातले तांदूळ बारीक थरथरत होते, आणि खांद्यावरचा हात सुटू नये म्हणून मी श्वाससुद्धा बेताने घेत होते.