निळ्या अंड्याची तलंग

कोपरच्या बैठ्या चाळीत प्रीती आणि राजरत्नची खोली शेवटची. मागे खाडीकडे उतरणारी मोकळी जागा होती, म्हणून खुराडं बांधता आलं. खटाटोप सगळा राजरत्नचा. निळी अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे व्हिडिओ बघून त्याने कुणा शौकिनाकडून उबवायची अंडी मागवली आणि खुडूक बसलेल्या गावठी कोंबडीखाली ठेवली. पार्सलमध्ये हिसके खाल्लेली अंडी ती; जेमतेम दोन पिल्लं निघाली. एक नर, एक मादी. मादी मोठी होऊन अंड्यावर यायच्या बेतात होती आणि भरदुपारी मुंगसाने तिची मान धरली.

राजरत्नने पिसं गोळा केली, खड्डा करून पुरली आणि म्हणाला, "संपला विषय. कोंबडा रविवारी कापू."

"कशाला? निळा रंग त्याच्याही रक्तात असणारच ना?"

"असेल. पण कोंबडा काय अंडी घालून दाखवणारे?"

"त्याच्या पोरी दाखवतील," प्रीती म्हणाली.

प्रीती कल्याणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. आजवर तिने खुराड्यात हातही घातला नव्हता. पण पोरासारखं वाढवलेलं जनावर असं गेलं, नवरा तोंड पाडून बसला, हे तिला बघवेना. तिने घरच्या गावठी कोंबडीबरोबर एक पांढरी कोंबडी आणून सोडली, खुराड्याला बारीक जाळी ठोकून घेतली आणि कामावर जायच्या आधी मक्याचा भरडा स्वतः टाकू लागली.

अडचण कोंबड्याचीच झाली. तो उजाडायच्या कितीतरी आधी आरवायचा. शेजारच्या आवडाबाईंना रक्तदाबाचा त्रास, त्यात झोप मोडली की दिवसभर डोकं ठणकायचं. एके दिवशी त्या दारातच उभ्या राहिल्या.

"प्रीती, एक तर तो राहील नाही तर मी. सांगून ठेवते."

"मावशी, आठवडाभर थांबा. काहीतरी करते."

तिने सुताराकडून बुटक्या छताची पेटी करून घेतली. मान वर ताणता आली नाही की कोंबड्याला नीट आरवता येत नाही, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. संध्याकाळी त्याला पेटीत घालायचं, उजाडल्यावर काढायचं. आवाज अगदी बंद झाला नाही, पण घशात अडकल्यासारखा होऊन बसला. आवडाबाई कुरकुरल्या, पण पुन्हा दारात आल्या नाहीत.

त्या कोंबड्याच्या दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, वाढल्या. थोरली गावठीची. ती आधी अंड्यावर आली. अंडं निघालं साधं, फिकट चहाच्या रंगाचं. राजरत्नने ते उचलून बाकीच्या साध्या अंड्यांत ठेवून दिलं, आणि तेच प्रीतीला जास्त लागलं. कोंबडा अस्सल नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. त्याच्या अर्ध्या पोरींना रंग मिळणार, अर्ध्यांना नाही. आता सगळी भिस्त पांढरीच्या पोरीवर.

तिने पंधरवडाभर वाट पाहायला लावली. मग एका सकाळी भुशात फिकट निळं अंडं दिसलं. प्रीती ते हातात घेऊन तशीच धावत बाहेर आली. नळावर आवडाबाई होत्या.

"रंगवलंयस काय गं?"

"नाही हो मावशी!"

"मग फोड बघू. रंग असला तर वरच राहील."

राजरत्न दातांत ब्रश धरूनच ओरडला, "ए, फोडू नको! पहिलं आहे ते!"

प्रीतीने क्षणभर विचार केला. हे अंडं तिला उबवायला ठेवायचं होतं. पण बाईच्या मनात संशय राहिला तर तो चाळभर पसरणार. तिने घरातून वाटी आणली आणि वाटीच्या काठावर अंडं आपटलं. बलक नेहमीसारखा पिवळा. टरफल आतूनही निळं.

आवडाबाईंनी टरफलाचा तुकडा ओल्या बोटाने घासला, उन्हात धरला, पुन्हा घासला. रंग हलेना.

"खरंच की गं," त्या म्हणाल्या. "आता फोडलंच आहे तर पोळी टाक. मीठ कमी घाल माझ्यासाठी."

तिघांनी एका अंड्याची पोळी वाटून खाल्ली. राजरत्नने घास चघळत खुराड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हिची पुढची अंडी ठेवून देऊ. गावठी परत खुडूक बसायला आलीये."

पुढच्या दिवाळीपर्यंत खुराड्यात निळी अंडी घालणाऱ्या चार कोंबड्या झाल्या. साध्या अंड्यांच्याही तीन होत्या. त्या प्रीतीने काढून टाकल्या नाहीत.