अबू शिहाब कोण?

आधीच्या जनरलसाहेबांचा पांढरा घोडा होता. त्यांच्यानंतरच्यांनी सिंहाचा छावा पाळला, तो महालातले गालिचे फाडायचा म्हणतात. आताच्या राष्ट्राध्यक्षांना मूलबाळ नाही, म्हणून शिकारी कुत्रा. नाव शिहाब. टीव्हीवर भाषण सुरू झालं की त्यांचा एक हात कायम त्याच्या डोक्यावर.

आमच्याकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. अबू अमुक, म्हणजे अमुकचा बाप. झालं, बाजाराने राष्ट्राध्यक्षांचं बारसं उरकलं. अबू शिहाब. कुत्र्याचा बाप. हळू आवाजात, अर्थात.

गोची झाली माझ्या सलूनसमोरच्या मिठाईवाल्याची. तो कुत्रा जन्मायच्या कितीतरी आधीपासून अबू शिहाब. आता कोणी गिऱ्हाईक ओरडलं, अबू शिहाब, अर्धा किलो बसबूसा दे, की अख्खी गल्ली फिदीफिदी हसायची. मी सगळ्यात जास्त.

मग एक साध्या कपड्यातला माणूस आला. पाटीवरचं नाव पूस, पोराचं नाव बदल, नाहीतर दुकानाला टाळं. परवा बघायला येतो म्हणाला.

मिठाईवाला येऊन माझ्या खुर्चीत बसला. दाढी करायची नव्हती. शिहाब हे त्याच्या वडिलांचं नाव. थोरल्या नातवाला आजोबाचंच नाव ठेवतात, तसं त्याने ठेवलेलं.

"अबू गझवान," तो मला म्हणाला, "दुकान ठेवू की बाप?"

"दोन्ही ठेव. तू फक्त येड्यासारखा चेहरा करून उभा राहा. तुला काही जड नाही जाणार."

ठरल्या दिवशी तो माणूस आला तसा मी साबणाच्या हातानेच बाहेर आलो. मागोमाग माझं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही आलं. मी अदबीने विचारलं, साहेब, या गरिबाच्या नावाने अपमान होतो तरी कोणाचा?

"तुला माहितीये."

"नाही हो. आम्हाला एकच अबू शिहाब ठाऊक, हा बसबूसावाला. तुमच्या माहितीत दुसरा कोण आहे? नाव सांगा, आम्ही जपून बोलू."

गल्ली ऐकायला गोळा झाली. त्याने नाव घेतलं असतं, तर राष्ट्राध्यक्षांना भर बाजारात कुत्र्याचा बाप म्हणणारा पहिला माणूस तोच ठरला असता. शेवटी किलोभर बसबूसा बांधून घेतला, चक्क पैसे दिले आणि गेला.

पाटी राहिली. बापही राहिला.

त्याने वर जाऊन काय कळवलं, देव जाणे. पण पुढच्या शुक्रवारी टीव्हीवर राष्ट्राध्यक्षांनी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि निवेदिका म्हणाली, आपल्या सर्वांच्या लाडक्या गझवानची तब्येत उत्तम आहे.

मी गुपचूप सलूनचं दार लावत होतो. समोरून मिठाईवाल्याने जन्मात मारली नसेल इतक्या मोठ्याने हाक मारली.

"अबू गझवान, बसबूसा पाठवू, की हाडूक?"