घोंगडीतला लॅपटॉप

खटकचिंचोळीच्या गुंडाप्पांइतका काटेकोर मूर्ख मी दुसरा पाहिला नाही. आणि मूर्ख मी पुष्कळ पाहिलेत. भालकीच्या बस स्टँडसमोर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, दिवसभर दुसरं बघतो काय? कुणी कीबोर्डवर चहा सांडून ‘आपोआप झालं’ म्हणतो, कुणी प्लग न लावताच मशीन बिघडलं म्हणून रिक्षा करून येतो. पण हे लोक निदान स्वतःचंच नुकसान करतात. गुंडाप्पांच्या काटेकोरपणापायी त्यांच्या सुनेचा संसार मोडायला आला होता.

त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं होती. मग शेती आली, मुलगा अनिलकुमार पुण्याला कंपनीत लागला, पण जुनी खोड काही गेली नाही. सकाळी सोडताना मेंढरं मोजायची, संध्याकाळी आत घेताना पुन्हा मोजायची, आणि एक कमी भरलं की ते कुणीतरी नेलं असं धरून चालायचं. मेंढरांच्या बाबतीत ते बरोबरच असतं.

२०१० साली अनिलकुमारला कंपनीनं लॅपटॉप दिला, तेव्हा त्यानं आपला जुना लॅपटॉप गावी आणून ठेवला. घरात त्याच्या बायकोला, श्रीदेवीला सोडून तो कुणालाच चालवता येत नव्हता. ‘असू द्या घरात,’ म्हणाला. चार लोकांत सांगायला बरं. बायकोला मात्र पुण्याला नेलं नाही, खोली लहान आहे म्हणे.

खंडेनवमीला गुंडाप्पांनी तो विळा, कोयता आणि लोकर कातरायच्या कातरीशेजारी पाटावर मांडला, हळदकुंकू लावलं आणि पूजा झाल्यावर घोंगडीत गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवला. पेटीला कुलूप, किल्ली करदोट्याला. मग दर रविवारी खंडोबाला भंडारा वाहून झाला की पेटी उघडायची, झाकण उचलायचं, कोपऱ्यातला बॅटरीचा आकडा वाचायचा, भिंतीवर कोळशानं लिहायचा, चार्जिंगला लावून शंभर करायचा आणि झाकण मिटून पुन्हा घोंगडीत. आकडा कुठं दिसतो हे श्रीदेवीनंच त्यांना शिकवलं होतं.

या रविवारी शंभर, पुढच्या रविवारी सोळा. पुन्हा शंभर, पुन्हा सतरा. कळप फुटलेल्या माणसासारखे गुंडाप्पा दिवाळीनंतर माझ्या दुकानात आले.

“भीमाशंकर, वापरल्याबिगर चार्ज उतरतंय का रे?”

दुकानात चार गिऱ्हाइकं होती आणि माझ्या हातात उघडलेला प्रिंटर होता. खरं सांगायचं तर उत्तर मला ठाऊक नव्हतं. गुलबर्ग्याला सहा महिन्यांचा कोर्स केलेला, त्यात बॅटरी गेली की नवी घाला एवढंच शिकवलेलं. पण चार माणसांत तसं कबूल कसं करायचं? बाहेर एवढी मोठी पाटी लावलेली.

“वापरल्याबिगर कसं उतरंल, अप्पा? कुणीतरी उघडायलं असंल घरात,” मी म्हणालो.

लोक हसले. मीही हसलो. गुंडाप्पा हसले नाहीत, मान हलवून निघून गेले. मी पुन्हा प्रिंटरला लागलो.

संक्रांतीनंतर ते परत आले, या वेळी लॅपटॉप घोंगडीसकट काखेत मारून.

“ह्याला आतून कुलूप घालता येतंय का? सुनंला धाडून दिलं, तरी उतरायलंय.”

“धाडून दिलं म्हणजे?”

“म्हाहेराला, निंबर्ग्याला. दोन महिने झाले. तूच म्हणलास की कुणीतरी उघडायलंय. घरात चालवायला येतंय कुणाला? तिलाच. चोरून पिक्चर बघती का कुणाला चिठ्ठ्या लिव्हती, काय ठावं. न्हाई न्हाई म्हणून लई रडली. अनिलला फोन केलो, तर ‘तुमाला बरं वाटंल ते करा’ म्हणला. आता म्हातारीवर डोळा ठेवायलोय.”

म्हातारी म्हणजे त्यांची बायको कोंडाबाई. ती मोबाइलसुद्धा उलटा धरते.

“अप्पा, सून घरात होती तव्हा आकडे काय होते?”

“सोळा, सतरा, पंधरा.”

“अन् ती गेल्यावर?”

“सोळा. पंधरा. सोळा.”

भिंतीवरचे आकडे त्यांना तोंडपाठ होते. पण ते म्हणताना चेहऱ्यावर काही उमटेल तर शपथ. मला त्यांची किळस आली, आणि त्या पुण्याच्या शहाण्याची त्याहून जास्त.

मी झाकण उचललं. पडदा तात्काळ उजळला, रविवारी सोडला होता तसाच. मधल्या काळात बॅटरीच्या खोक्यातला माहितीचा कागद मी पहिल्यांदा वाचला होता. दुकान टाकून तिसऱ्या वर्षी.

“तुमी हे बंदच करत न्हाई, अप्पा. झाकण मिटलं की मशीन झोपतंय, बंद होत न्हाई. झोपेत बी आतून वीज खात राहतंय. त्यात तुमी घोंगडीत गुंडाळता. ऊब लागली की बॅटरी आणखी लवकर उतरती. अन् पुरतं बंद करून ठेवलं तरी बॅटरीच्या आतलं रसायन गप बसत न्हाई, थोडं थोडं आपोआप उतरतंच. कुणी हात लावायला लागत न्हाई.”

त्यांनी हात पुढं करून झाकण मिटलं.

“तव्हा न्हाई म्हणलास, आता व्हय म्हणायलास. तुजं कोणतं खरं?”

“आत्ताचं.”

“मग तू बी चल निंबर्ग्याला. मी एकट्यानं कामून तोंड दाखवू?”

दोन बस बदलून आम्ही निंबर्ग्याला पोचलो. श्रीदेवी अंगणात तूर पाखडत होती. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि पुन्हा सुपाशी बसली. झोपलेलं मशीन, घोंगडी, रसायन, सगळं मी तिला समजावलं. तिचा हात थांबला नाही.

“चल पोरी,” गुंडाप्पा म्हणाले. “चूक बॅटरीची हाय.”

आता तिनं सूप खाली ठेवलं.

“मामा, मी न्हाई म्हणले तव्हा खोटं हुतं. बॅटरी न्हाई म्हणली की खरं झालं व्हय?”

गुंडाप्पा डोक्यावरचा पटका सोडून पुन्हा बांधायला लागले.

“त्येंना सांगा, न्यायला सोता या म्हणावं. दोन महिन्यांत मला एक फोन केले न्हाईत. ते येऊन, मला समोर बसवून इचारस्तोवर मी काही येत न्हाई.”

मग ती माझ्याकडे वळली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो, पण मी कोण हे तिला पक्कं माहीत होतं.

“अण्णा, मामा पहिल्यांदा इचारायला आले, तव्हा हे समदं तुमाला ठावं हुतं का?”

“न्हवतं.”

“मग ठावं न्हाई, एवढंच म्हणायचं हुतं की.”

मी ‘व्हय’ म्हणालो. ती पुन्हा तूर पाखडायला लागली.