झेनायदासाठी खोली

“गरम पाणी चोवीस तास, म्हणे! थापा नुसत्या. चोवीस तास म्हणजे यांच्या सोयीने चोवीस.”

ग्रिमाल्दो माझ्या कानापाशीच पुटपुटत होता. आमच्या स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानापाशी येणारच. मी मक्याचे दाणे भाजत होते. त्याने चष्मा कपाळावर चढवून फोन अगदी नाकाशी धरला होता आणि तडकलेल्या काचेवर आमच्या कुस्कोतली स्वस्त हॉटेलं एकामागून एक सरकवत होता.

“हे बघ, ‘उबदार वातावरण’ लिहिलंय. आणि फोटोतली बाई बघ, लोकरीची टोपी घालून झोपलीय!”

एरवी मी हसले असते. माझा नवरा विनोद करतो तो वर्षातून दोनदा, त्यामुळे मी तो वाया घालवत नाही. पण त्या दिवशी मी दाणे जरा जास्तच जोरात हलवले. लग्नानंतर आम्ही पुनोला गेलो होतो, तेव्हा या माणसाने बसमधून उतरल्यावर जे पहिलं दार दिसलं त्यात शिरून “एक खोली द्या” एवढंच म्हटलं होतं. खोलीला खिडकी नाही हे आम्हाला दिवे गेल्यावर कळलं. हाच माणूस आता गाद्या, पाणी आणि टोप्या बघत होता.

कारण खोली झेनायदासाठी हवी होती.

झेनायदा माझी थोरली बहीण. ती खाली समुद्रकाठी, इलोला राहते आणि शाळेच्या मुलांचे गणवेश शिवते. बाबा गेले तेव्हा रस्ते संपामुळे बंद होते, तिला पोचता आलं नाही. आता बाबांचं वर्ष भरत आलं होतं. वर्षाची प्रार्थना झाली की आमच्यात काळे कपडे उतरवतात. आपले आपण नाही उतरवायचे. घरातलंच कोणीतरी आपल्या हाताने तुमच्या खांद्यावरची काळी शाल काढतं, रंगीत पांघरतं आणि डोक्यावर फुलांच्या पाकळ्या टाकतं. आईने जाहीर करून टाकलं होतं, “माझी शाल झेनायदा उतरवेल.” बाबांचं शेवटचं दुखणं मी काढलं, उलट्या मी पुसल्या, सूप मी भरवलं. पण शाल झेनायदा उतरवणार. मी म्हटलं, “बरं.” बाजारात सुपाचा गाडा चालवणाऱ्या बाईला ‘बरं’ म्हणायची सवय असते.

तर झेनायदाने आईला फोन केला. “कोणाला त्रास नको. स्वस्तातली खोली बघून ठेवा.” आणि माझ्या घरातलं एकही माणूस असं म्हणालं नाही, की अगं, सख्ख्या बहिणीचं घर असताना हॉटेल कशाला?

आई आमच्याकडेच राहते, तरी म्हणाली, “तुमच्या घराला गारठा फार.” ग्रिमाल्दो म्हणाला, “न्हाणीघर अंगणात आहे, रात्री उठायचं म्हणजे…” मी म्हटलं, “आणि वरच्या खोलीत बटाटे पसरलेत.” आमचा मुलगा पुएर्तो मालदोनादोला कामाला गेल्यापासून ती खोली रिकामीच असते. बटाटे मीच नेऊन पसरले होते, झेनायदाचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी.

यापूर्वी ती दोनदा आली, तेव्हा सान हेरोनिमोला मावशीकडे उतरली होती. मावशीही आता गेली.

यामागचं कारण कोणी बोलून दाखवत नसलं तरी आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा ते माहीत असेल. ग्रिमाल्दोच्या घरचे मागणी घालायला आले ते झेनायदासाठी. संध्याकाळची वेळ. त्याचे आईबाप, काका, उसाच्या दारूचा मोठा बुधला, कोकाची पानं, टोपलीभर पाव, सगळं रीतीप्रमाणे. आमच्यात मुलाकडच्यांनी पुढे केलेला पेला मुलीच्या बापाने रिकामा केला, की शब्द दिला असं होतं. त्यावर पुन्हा बोलणं नाही. म्हणून शहाणा बाप आधी मुलीला बाहेर बोलावतो, तिचा चेहरा बघतो आणि मगच पेल्याला हात लावतो. आमचे बाबा शहाणे होते, पण त्या दिवशी थंडी होती आणि दारू चांगली होती. त्यांनी पेला रिकामा केला आणि मग आईला म्हणाले, “झेनायदाला आण.”

झेनायदा दुपारच्या आरेकिपाच्या बसने निघून गेली होती. मागे ठेवून गेली ती फक्त तिची घोंगडी.

मी भाजलेल्या मक्याची ताटली घेऊन दारात उभी होते. बाबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रिकामा पेला हातातच होता. मग ते म्हणाले, “हीसुद्धा माझीच मुलगी.” सासूने माझे हात उलटेपालटे करून पाहिले. ग्रिमाल्दो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. आणि पुढच्या महिन्यात आमचं लग्न झालं.

नवरा म्हणून तो वाईट निघाला नाही. टॅक्सी चालवतो, पीत नाही, म्हणजे सणाचं सोडून. पण वीसेक वर्षं मी त्याच्या शेजारी झोपते आहे आणि कधीकधी अंधारात वाटतं, दुकानात हवी ती वस्तू संपलेली असते तेव्हा माणूस दुसरी घेऊन येतो. ती वापरतो, जपतोसुद्धा. पण मागितली होती ती नव्हेच.

रविवारी आम्ही खोल्या बघायला निघालो. जून म्हणजे सणांचा महिना, शहरात पाय ठेवायला जागा नाही, हॉटेलवाल्यांच्या नाकाचे शेंडे आभाळात. आई मागच्या सीटवर, काळ्या शालीत गुंडाळलेली. तिला बरोबर घ्यायचं ठरलं नव्हतं. ती स्वतःच येऊन बसली आणि म्हणाली, “मी काही बोलणार नाही, चला.” आई असं म्हणते तेव्हा काळजी घ्यावी लागते.

पहिली खोली सान ब्लासला, चढावर. टॅक्सी वर जाईना, आईला खालीच बसवून आम्ही दोघं चढलो. मालक तरणा होता, केसांचा बुचडा बांधलेला. गच्चीवरून अख्खं शहर दिसतं म्हणाला.

“शहर तिने पाहिलंय,” ग्रिमाल्दो म्हणाला. “पायऱ्या फार आहेत. इतकी वर्षं समुद्रकाठी राहिलेलं माणूस. या उंचीवर पहिल्याच दिवशी दम लागून खाली बसेल.”

“मला सातवा महिना होता तेव्हा आपण चौथ्या मजल्यावर राहायचो,” मी म्हटलं.

“मग?”

“मग काही नाही. आठवलं.”

दुसरी वांचाकला. स्वस्त, स्वच्छ, भिंतीवर सूर्यफुलांचं चित्र. खोली मागच्या अंगणाकडे उघडत होती. मला वाटलं सुटलो. पण ग्रिमाल्दोने खिडकी उघडली, कान दिला आणि मान हलवली. “फार शांत आहे.”

“शांत आहे म्हणून नको?” मालकीणबाई म्हणाली. “कापितान साहेब, लोक शांततेचे जास्त पैसे देतात इथे!”

“तिला शांततेत झोप लागत नाही. रस्त्याचा आवाज लागतो.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. मी कोणत्या कुशीवर झोपते हे या माणसाला विचारलं असतं, तर ‘पलंगावर’ असं उत्तर आलं असतं.

परत गाडीत बसताना मी म्हटलं, “उशी कोणत्या रंगाची लागते तिला? तेही विचारून घ्यायचं होतंस.”

“लेओकादिया, तू सकाळपासून अशी का बोलतेयस?”

“कशी?”

“लिंबू चावल्यासारखी.”

मागून आई खोकली. तिने एवढंच केलं, पण तिचं खोकणं लोकांच्या भाषणाइतकं असतं.

तिसरी खोली दोन्या बेनिग्नाकडे, सान पेद्रो बाजाराच्या मागे, म्हणजे आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. ही बाई मला ओळखते. माझं सूप घेते आणि मीठ कमी आहे म्हणून सांगते. तिच्याकडे तळमजल्याची खोली रिकामी होती, रस्त्याला लागून. खिडकीखालून कोंबड्या विकणारी बाई ओरडत होती. ग्रिमाल्दोचा चेहरा उजळला. तो न्हाणीघरात गेला, नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरून उभा राहिला. बराच वेळ झाला. आतून आवाज आला, “येतंय! येतंय, आलं! गरम आहे!” जणू विहीरच लागली होती.

आई पलंगावर बसली. दोन्या बेनिग्ना दारात हात बांधून उभी राहिली.

“गॅसचा गीझर नवीनच बसवलाय,” ती म्हणाली. “एकटीच आहे का बाई? की नवरा बरोबर?”

“एकटीच,” ग्रिमाल्दो ओला हात पँटला पुसत बाहेर आला.

“कोण म्हणायची तुमची?”

ग्रिमाल्दोने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं, आईने शालीचं टोक पाहिलं.

“खालची आहे एक, इलोची,” शेवटी ग्रिमाल्दो म्हणाला. आणि त्याने पलंगावरची चादर उचलून खालचं पांघरूण चिमटीत धरलं. “दोन्या बेनिग्ना, ही घोंगडी लोकरीची आहे. तिला लोकर टोचते. अंगावर पुरळ उठतं. मध्ये जाड सुती चादर घालाल का? दोन घातल्यात तर बरं.”

“आता चादरीसुद्धा!” दोन्या बेनिग्ना हसून मला म्हणाली. “मामिता, तुमचा नवरा पाहुण्यांची भलतीच काळजी घेतो हो. माझा मेला, मी आजारी असताना विचारायचा, जेवण कधी होणार.”

ते हसणं मला जाऊन लागलं ते नेमकं दुखऱ्या जागी. माझ्या तोंडातून आवाज निघाला तो मलाच ओळखू आला नाही.

“तुला कसं माहीत?”

“काय?”

“तिला लोकर टोचते ते. पुरळ उठतं ते. शांततेत झोप लागत नाही ते. तुला कधी कळलं हे, ग्रिमाल्दो? कुठे कळलं?”

तो गोंधळला. त्याच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती, तेच मला सहन होईना. चोरी असती तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

“तूच सांगितलंस,” तो म्हणाला.

“मी?”

“दरवर्षी थंडीत पांघरुणं काढलीस की म्हणतेस, झेनायदा असती तर आता खाजवत बसली असती. रस्त्यावरून मिरवणूक गेली की म्हणतेस, आत्ता झेनायदाला काय गाढ झोप लागली असती. मासे आणले की झेनायदा डोकं खायची. पाऊस आला की झेनायदा…” तो थांबला. “मी त्या बाईशी उभ्या जन्मात तीन वाक्यं बोललो असेन. तिला माझ्या आईने पाहिलं होतं, सणाला, लांबून. मला तिचा चेहरासुद्धा धड आठवत नाही. तू सांगतेस तेवढीच मला माहीत आहे.”

खिडकीखाली कोंबडीवाली कोणाशी तरी भांडत होती. दोन्या बेनिग्नाने बांधलेले हात सोडले आणि पुन्हा बांधले. जायचं की थांबायचं हे तिला ठरवता येत नव्हतं, म्हणजे थांबायचंच ठरलं होतं.

खरं सांगायचं तर मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण हेव्याचं असं असतं, की एक दार बंद केलं तर तो दुसऱ्याने येतो. आता मला वाटू लागलं, म्हणजे इतकी वर्षं तिला आमच्या पलंगावर मीच आणून झोपवत होते. आणि ती तिकडे इलोत एकटी शिलाई मशीनवर वाकलेली, तिला याचा पत्ताही नाही. फोनवर आईला सांगते, कोणाला त्रास नको. कोणाला म्हणजे कोणाला? त्रास मलाच होणार, एवढं तिलाही ठाऊक होतंच की.

“सौदा करायचा का मग?” दोन्या बेनिग्ना हळूच म्हणाली. “जूनमध्ये खोली थांबत नाही हो. दुपारपर्यंत दुसरं कोणी घेईल.”

ग्रिमाल्दोने माझ्याकडे पाहिलं. खिशाकडे हात नेला नाही. “तू सांग,” म्हणाला.

आई पलंगावर बसूनच होती. तिने गादी तळहाताने दाबून पाहिली. “गादी चांगली आहे,” ती म्हणाली. “पण मला नवल वाटतं. माझ्या दोन मुली. दोघींना एकाच घोंगडीत मी वाढवलं. एक रडायची लोकर टोचते म्हणून, आणि दुसरी आपल्या अंगातला सदरा काढून तिच्या अंगाखाली घालायची. उघडी झोपायची थंडीत. ती दुसरी कुठे गेली, लेओकादिया?”

मी काही बोलणार नाही असं म्हणून आली होती बाई.

मी पलंगाच्या कडेला टेकले. दोन्या बेनिग्नासमोर बोलायचं म्हणजे उद्या सकाळपर्यंत अख्ख्या बाजारात, भाजीच्या रांगेपासून मांसाच्या रांगेपर्यंत. पण आता ते ओठांवर येऊन बसलं होतं आणि गिळता येण्यासारखं राहिलं नव्हतं.

“दोन्या बेनिग्ना,” मी म्हटलं, “तुम्ही विचारलंत ना, कोण म्हणायची आमची? सख्खी बहीण आहे माझी. याच्या घरचे मागणी घालायला आले ते तिला. मला नव्हे. ती निघून गेली आणि बाबांनी पेला पिऊन टाकला होता, म्हणून मी. तेव्हापासून मी तिच्यावर जळते आहे, आणि तेव्हापासून मला तिच्यावाचून करमत नाही. तुमची खोली चांगली आहे, पण ती आम्हाला नको. झेनायदा माझ्या घरी उतरेल.”